‘पालक उदासीन’ असं लिहून टाकण्याआधी: बदलून आलेल्या मुख्याध्यापकाने गाव ओळखायचं कसं?

बालाघाटी
नमस्कार मंडळी, बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज पहिल्यांदा धागा काढतेय. लांबलाय, चालवून घ्या.

मी जिल्हा परिषदेची प्राथमिक शिक्षिका. नोकरीची १६ वर्षं झाली, त्यातली ११ पुणे जिल्ह्यात चाकणच्या बाजूला. यंदा आंतरजिल्हा बदली मिळाली आणि बीड जिल्ह्यात आले, डोंगरातलं गाव, पहिली ते पाचवी, पट ६४, शिक्षक तीन. आता १५० पट असल्याशिवाय प्राथमिकला मुख्याध्यापकाचं पदच मंजूर होत नाही, त्यामुळे आमच्याकडे चार्ज म्हणजे कुणाच्या तरी गळ्यात. खरं तर आंतरजिल्हा बदलीत ज्येष्ठता जाते, मी सगळ्यात कनिष्ठ, पण बाकीचे दोघं नको म्हणाले आणि माळ माझ्या गळ्यात पडली.

चाकणला असताना आमची शाळा बरी चालायची. पालकांचा व्हॉट्सॅप ग्रुप, शनिवारी सकाळी पालक सभा, कंपनीतले बाप शिफ्ट बदलून यायचे. इथेही तेच सुरू केलं. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात शनिवारी ११ वाजता सभा ठेवली, घरोघरी चिठ्ठ्या पाठवल्या, सतरंज्या अंथरल्या, चहा सांगितला. आले किती? चार. त्यातले दोन म्हणजे शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष आणि त्यांचा पुतण्या. मी वैतागून इतिवृत्तात ओळ लिहिली, "वारंवार कळवूनही पालक उदासीन." खिचडी करणाऱ्या मावशी भांडी घासत होत्या, त्या म्हणाल्या, "मॅडम, आज मुकादम टोळी बांधायला आलाय, अर्धं गाव त्याच्या दारात बसलंय. तुमच्या सभेला कोण येईल?"

चार महिने झाले होते मला गावात. मुकादम (ऊसतोडीला मजूर नेणारा) कोण, टोळी कधी बांधतात, ट्रॅक्टर कधी निघतात, काही माहीत नाही. माझं माहेर बीड शहरातलं, ऊसतोड म्हणजे काय हे पेपरात वाचलेलं. दिवाळीनंतर शाळेत आले तर ६४ पैकी २७ पोरं. पाचवीच्या वर्गात नऊ होती, तीन राहिली, तिन्ही मुलगे. मुली गेल्या, कारण उसाच्या फडावर धाकट्या भावंडांना सांभाळायला कोणीतरी लागतं.

तर प्रश्न असा की तुम्ही नवीन गावात गेलात तर गाव कसं समजून घेता? यू-डायसमध्ये (शाळेची सरकारी ऑनलाइन माहिती) सगळं भरलंय, खोल्या किती, शौचालय किती, रॅम्प आहे का नाही. पण मुकादम कधी येतो हा रकाना त्यात नाही. आणि समजलं तरी आपल्या हातात काय असतं?

---

खडूफळा
वाचतोय. बुड टेकवून बसलोय, येऊ द्या.

---

सातपुडी_गुरुजी (निवृत्त)
ताई, धागा काढलात बरं केलंत. मी ३१ वर्षं नोकरी केली, त्यातली १४ नंदुरबार जिल्ह्यात, धडगावकडे. मी पण तुमच्यासारखीच ओळ लिहिली होती, फक्त पालकांबद्दल नाही, मुलांबद्दल. "मुले अबोल व मंद." आज लिहिताना लाज वाटते. पोरं अबोल वगैरे काही नव्हती, माझी मराठी त्यांना कळत नव्हती एवढंच. घरात पावरी बोलणारं सहा वर्षांचं पोरगं समोर उभं आणि मी त्याला विचारतोय "कमळ कुठे उगवते". सुट्टीत तीच पोरं नाल्यावर इतका कल्ला करायची की मला झोप लागू द्यायची नाहीत.

आणि गाव म्हणजे आपल्याला जसं एक चावडी, एक पार, एक देऊळ डोळ्यासमोर येतं तसं तिथे नसतं. पाडे. एक पाडा या टेकडीवर, दुसरा त्या. शाळा एका पाड्यात आणि पट चार पाड्यांचा. पावसाळ्यात मधला नाला भरला की पलीकडची पोरं गैरहजर, आणि मी साहेबांना कारण लिहितोय "अनियमितता". नाल्याला पाणी आलंय हे लिहायला काय जात होतं माझं? पण त्या रकान्यात तसं लिहायची पद्धत नव्हती.

एक गोष्ट मात्र जमली. मुख्याध्यापकाच्या अधिकारातल्या दोन सुट्ट्या असतात ना वर्षाच्या, त्या माझ्या आधीपासून जिल्ह्याच्या ठिकाणाहून येणाऱ्या मास्तरांच्या सोयीने टाकल्या जायच्या, जोडून रविवार आला की झालं. मी त्या भोंगऱ्या बाजाराला टाकल्या. होळीच्या आधीचा आठवडा, अख्खा सातपुडा बाजाराला लोटतो, त्या दिवशी शाळा उघडी ठेवून मी आणि घंटा दोघंच बसायचो. सुट्टी दिली आणि पुढच्या वर्षापासून लोक मला ओळखायला लागले, "आपला बाजार माहीत असलेला मास्तर" म्हणून. सुट्टी देऊन हजेरी वाढते हे कुठल्या प्रशिक्षणात सांगत नाहीत!

---

तिरपागडा
माफ करा, पण मला हा सगळा प्रकार जरा गोडगोड वाटतोय. शिक्षकाने शिकवायचं का गावाचा अभ्यास करायचा? आधीच बीएलओ म्हणून मतदार यादीचं काम, सर्वेक्षण, ऑनलाइन माहिती, आहाराचा हिशोब. ऊसतोड कामगारांचा प्रश्न शंभर ठिकाणी अडकलाय, साखर कारखाना, उचल (मजुरीची आगाऊ रक्कम), कोरडवाहू जमीन. तो मुख्याध्यापकाच्या डोक्यावर ठेवून सरकार मोकळं. उद्या हजेरी कमी म्हणून कारणे दाखवा नोटीस ताईंनाच येणार, मुकादमाला नाही.

---

खडूफळा
तिरपागडा, नोटिशीचं खरं आहे, +१. पण गाव समजून न घेता शिकवणं म्हणजे काय ते गुरुजींनी वर लिहिलंयच की, कमळ कुठे उगवते.

---

देवगडी_हापूस
आमच्याकडची उलटी गंमत ऐका. सिंधुदुर्गात आहे, समुद्राच्या बाजूला. माझ्या शाळेत इमारत चकाचक, टीव्ही, प्रोजेक्टर, रंगमंच, सगळं मुंबईच्या चाकरमान्यांनी दिलेलं. गणपतीत येतात, आपल्या शाळेला काहीतरी द्यायचं म्हणून भांडतात, यंदा पंखे कोणी द्यायचे यावरून दोन वाड्यांत बोलाचाली. फक्त मुलं नाहीत. पट सात.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. दिवाळीच्या आसपास आंब्याच्या बागांत राखणीला आणि कामाला नेपाळी कुटुंबं येतात, बागेतच मांगरात (खोपटात) राहतात. त्यांची पोरं. पहिल्या वर्षी मला पत्ताच नाही, कारण बागा गावापासून लांब आणि ती लोकं गावात फार येत नाहीत. एका बागायतदाराकडे पेटी आणायला गेलो तर चार पोरं कलमाखाली खेळतायत. वय आठ, सात, सहा, पाच. त्यांना शाळेत घेतलं तर माझा पट ११. मे संपला की परत सात.

आता मजा अशी की संचमान्यतेला, म्हणजे शिक्षकांची पदं ठरवायला, पट धरतात ३० सप्टेंबरचा. त्या दिवशी माझी नेपाळी पोरं नेपाळात. म्हणजे कागदावर मी सात मुलांचा मास्तर, आणि डिसेंबरात अकरा, त्यातल्या चौघांना मराठी येत नाही. बालाघाटी ताईंचं बरोब्बर उलटं, ३० सप्टेंबरला वर्ग भरलेला आणि डिसेंबरात रिकामा. तारीख एकच, फसवते दोघांनाही.

---

बालाघाटी
बापरे, हे मी असं कधी पाहिलंच नव्हतं. माझी सप्टेंबरची ६४ ची शीट बघितली की कोणालाही वाटेल मस्त चाललंय.

तिरपागडा, तुमचं म्हणणं मला पटतं, खरंच. मी गावाचं दुःख दूर करायला निघालेली नाही. मला फक्त माझी सभा कधी ठेवावी एवढं कळायला हवं होतं.

---

चाळकरी
मुंबई महापालिकेत आहे, गोवंडीच्या बाजूला. बाहेरच्यांना वाटतं शहरात काय संदर्भ नि बिंदर्भ, सगळं सारखं. एका इमारतीत दोन पाळ्या, वर तीन माध्यमं, प्रत्येक माध्यमाचे मुख्याध्यापक वेगळे. आणि पाण्याची वेळ. आमच्या दुपारच्या पाळीच्या मुली रोज वीस मिनिटं उशिरा, मी रोज दारात उभी राहून ओरडायचे. एकदा एकीच्या आईनेच मला ऐकवलं की आमच्या गल्लीत पाणी साडेबाराला येतं, हंडे भरल्याशिवाय पोरीला कशी सोडू. त्या भागात प्रत्येक गल्लीची वेळ वेगळी. मी एक कागद घेतला आणि मुलींकडूनच गल्लीवार पाण्याच्या वेळा लिहून घेतल्या. मग काय केलं, पहिला तास गाणी आणि गोष्टींचा केला, गणित दुसऱ्या तासाला. फार क्रांती नाही. पण गणित बुडायचं थांबलं.

आमचे तेव्हाचे वरिष्ठ म्हणाले वेळापत्रकात असं करता येत नाही. मी म्हटलं बरं, आणि तसंच चालू ठेवलं.

---

तिरपागडा
हे आवडलं. हेच म्हणतोय मी, नियम मोडल्याशिवाय काही होत नाही, आणि मोडला की जबाबदार तुम्ही.

---

उंबरठा
शिक्षक नाही, आयटीत आहे, पुण्यात. धागा वाचून झोप लागेना म्हणून लिहितोय.

आईबाप ऊसतोड. आमचा कोयता. बाहेरच्यांसाठी सांगतो, कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी, मुकादम उचल देतो ती कोयत्याला, एकट्या माणसाला नाही. म्हणून आई मागे राहू शकत नाही, आणि आई गेली की पोरं जातातच. "पालकांना शिक्षणाचं महत्त्व कळत नाही" म्हणणाऱ्यांनी हे एक वाक्य दोनदा वाचावं. माझी आजी होती तोवर मी मागे राहिलो, तिसरीत असताना आजी वारली, मग चौथी आणि पाचवी मी अर्धी कारखान्यावर काढली, पाचटाच्या कोपीत. पहाटे तीनला आईबाप फडात, मी बहिणीला घेऊन बसायचो आणि नंतर वाढं (उसाचे शेंडे) गोळा करायचो बैलांना. कारखान्याच्या गावात शाळा होती, आम्हाला बसू देत होते असं ऐकलं होतं, पण टोळी दर पंधरा दिवसाला फड बदलायची, कुठल्या शाळेत बसणार?

मार्चमध्ये परत आलो. चौथीचे मास्तर वर्गात सगळ्यांसमोर म्हणाले, "आलात का फिरून?" पोरं हसली. एवढंच. मारलं नाही, शिवी नाही. मी पुढचे आठ दिवस शाळेत गेलो नाही.

पाचवीला मास्तर बदलले. ते नवीन होते, गावचे नव्हते, तुमच्यासारखेच ताई. मी एप्रिलमध्ये परत आलो तर त्यांनी मला मागच्या बाकावर बसवलं नाही, विचारलं, तुमच्या कोयत्याने रोज किती टन तोडला. मी म्हटलं कधी दीड, कधी दोन. दर काय? मला माहीत होता. मग फळ्यावर माझ्या बापाचा हिशोब मांडला. पोरं बघतायत. दीड गुणिले दर, गुणिले दिवस, वजा उचल. मला दशांशाचा गुणाकार तिथे आला. आणि त्या संध्याकाळी मी बापाला सांगितलं की मुकादमाच्या वहीत आपले अकरा दिवस कमी धरलेत. पुढे त्याचं काय झालं ते विचारू नका, चांगलं झालं नाही. पण बापाने पुढच्या वर्षी मला मावशीकडे ठेवलं, नेलं नाही.

तर तिरपागडा, तुमच्या म्हणण्यात तथ्य आहे, त्या मास्तरांनी ऊसतोडीचा प्रश्न सोडवला नाही. ते फक्त चौकशी करत, कुठे होतास, काय केलंस, आणि उत्तर खरंच ऐकत.

---

खडूफळा
_/\_

---

तिरपागडा
उंबरठा, काही बोलत नाही. वाचलं.

---

पेठेतला
अवांतर होईल, पण ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांची आठवण आली. १९४५ ला बोर्डीला काम सुरू केलं, मग कोसबाडला. वारली पोरं शाळेत येत नाहीत, का तर गुरं राखायला जातात. मग कुरणशाळा काढली, जिथे गुरं चरतात तिथे जाऊन शिकवायचं. अंगणवाडी पण तशीच, पोरं अंगणात आहेत तर शाळाच अंगणात न्या. ऐंशी वर्षं होऊन गेली, आणि आपण अजून सभा शनिवारी का रविवारी यावर अडलोय.

---

देवगडी_हापूस
पेठेतले काका, आदर आहेच. पण अनुताईंना आहाराची ऑनलाइन माहिती भरायची नव्हती, आणि कुरणात नेटवर्क शोधत झाडावर चढायचं नव्हतं :)

---

केंद्रातला_माणूस
मी केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या शाळांवर देखरेख करणारा, होतो, आता विस्तार अधिकारी आहे, नाव विचारू नका. आतली बाजू सांगतो. शाळेला भेट दिली की मी काय बघायचो? दैनिक हजेरी, आहार नोंदवही, पाठांची टाचणं, समितीचं इतिवृत्त. इतिवृत्तात काय लिहिलंय ते नाही, दर महिन्याचं आहे का ते. कायद्याने समितीत पाऊणपट पालक आणि निम्म्या महिला हव्यात, तर त्या नावाला आहेत का ते. बालाघाटी मॅडमची "पालक उदासीन" ही ओळ माझ्यासमोर आली असती तर मी खाली सही केली असती आणि पुढे गेलो असतो. अशा किती ओळींवर सह्या केल्यात मोजदाद नाही. माझ्याकडे तेव्हा शेजारच्या रिकाम्या केंद्राचाही भार होता, हे कारण आहे, सबब समजा हवं तर.

वरूनही तसंच चालतं. २०२४ ला राज्यभर एकच गणवेश आला होता ना, कापड वरून, शिलाई वरून ठरलेली. कोणाच्या पोराला ढगळ, कोणाला घट्ट, कुठे अर्धं वर्ष गेलं तरी मिळालाच नाही. शेवटी खरेदी परत शाळा समितीकडे द्यावी लागली. पोराचं माप गावातल्या शिंप्याकडेच मिळतं, मंत्रालयात नाही. सकाळी नऊच्या आधी चौथीपर्यंतचे वर्ग भरवू नका हेही त्याच वर्षीचं. शहरातल्या झोपाळू पोरांसाठी ठीक, पण विदर्भात मार्चपासून लोकांना शाळा सकाळी सातची हवी असते उन्हामुळे, ते वेगळ्या परवानगीने करत बसा.

मॅडम, व्यवहाराचं सांगतो. मागे राहणाऱ्या पोरांसाठीच्या हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव दिवाळीनंतर करू नका. तेव्हा केलात की मंजुरी येईपर्यंत पोरं गेलेली असतात आणि मग आपण रिकाम्या वसतिगृहाचे फोटो काढतो. ऑगस्टमध्येच घरोघरी जाऊन यादी करा, कोण जाणार, मागे कोण राहणार, आजी आहे का, आजीला दिसतं का, चूल पेटवता येते का. ती यादी जोडून द्या. आणि जी जाणार त्यांची शिक्षण हमी पत्रकं ट्रॅक्टर निघायच्या आदल्या दिवशी हातात द्या, तिकडच्या शाळेत दाखवायला. नंतर पोस्टाने पाठवायचा विचारही नको.

---

सातपुडी_गुरुजी
विस्तार अधिकारी साहेबांनी कबुली दिली, दिवस नोंद करून ठेवा!

ताई, मी एक सोपा उपाय सांगतो, गिरणी. पिठाच्या गिरणीत जाऊन बसा आठवड्यातून एकदा, दळण घेऊन जा म्हणजे कोणी विचारणार नाही का आलात. कोण पायलीने बाजरी दळून नेतंय त्याच्यावरून कळतं घर कधी निघणार. शाळेच्या खुर्चीत बसून गाव शाळेत येण्याची वाट बघितली तर फक्त अध्यक्ष आणि त्यांचा पुतण्याच येणार.

---

बालाघाटी
मंडळी, सगळ्यांचे आभार, तीन आठवड्यांनी परत आलेय. धागा मी शाळेतल्या दोघांना वाचून दाखवला. एक सर म्हणाले मॅडम तुम्ही आपल्या शाळेची अब्रू काढली, दुसरे काही बोलले नाहीत पण दुसऱ्या दिवशी स्वतःच पाड्यावरच्या, म्हणजे आमच्याकडे वस्तीवरच्या, चार घरी जाऊन आले.

गिरणीत गेले. गुरुजी, खरं निघालं. गिरणीवाल्या आप्पांनी बोटावर मोजून सांगितलं कोणाची आजी मागे आहे आणि कोणाची पोरगी फडावर गेली, माझ्या हजेरीपेक्षा त्यांची पक्की.

मग सभा घेतली, पालकांची नाही, आज्यांची. शनिवारी ११ ला नाही, संध्याकाळी सातला, मारुतीच्या देवळात, हरिपाठ सुरू व्हायच्या आधी. १९ आज्या आणि ३ आजोबा. मी अभ्यासाचं, गृहपाठाचं बोलायला कागद करून नेला होता. पाच मिनिटांत एक आजी म्हणाल्या, "बाई, ते समदं ऱ्हाऊ द्या, माझ्या लेकाला फोन लावून द्या." मग रांगच लागली. बऱ्याच जणींकडे फोन नाही, असला तर रिचार्ज नाही, नंबर चिठ्ठीवर लिहिलेला, वाचता येत नाही. नातवंडं रात्री आईच्या आठवणीने रडतात आणि यांना पुढे काय करावं कळत नाही. मी बारा फोन लावून दिले त्या रात्री, चार लागले. हरिपाठ अर्धा तास उशिरा सुरू झाला, बुवा जरा रागावले.

आता दर गुरुवारी मधल्या सुट्टीत शाळेच्या व्हरांड्यात फोन. पोरं आईशी बोलतात, मग आम्ही पोरांना त्या फोनवर बापाला विचारायला सांगतो, आज किती टन, कुठल्या गावात. उंबरठा, हे तुमचंच उचललंय. नकाशावर टोळ्या कुठे कुठे आहेत त्याच्या टाचण्या लावतोय, सध्या सात ठिकाणी, एक टोळी तर कर्नाटकात, बेळगावकडे. तिसरीचा एक जण टाचणीकडे बघून म्हणाला, हे एवढंसं अंतर आहे तर आई रात्री का येत नाही. त्याला प्रमाण शिकवायला घेतलंय.

पाचवीच्या सहा मुलींपैकी एकही परत आलेली नाही. दोघींचे पत्ते लागलेत, कारखान्याजवळच्या गावातल्या मुख्याध्यापकांना फोन केला, ते म्हणाले पाठवा, बसवतो, पण टोळी परवाच हलली.

इतिवृत्तातली ती ओळ खोडता येत नाही, शिक्का आहे. खाली नवीन तारीख घालून लिहिलं, "मागील नोंदीच्या दिवशी गावात टोळीबांधणी होती, सभेची वेळ मुख्याध्यापकांची चुकली." समितीच्या अध्यक्षांनी सही करायच्या आधी दोनदा वाचलं आणि विचारलं, "मॅडम, असं लिहितात का?"

विस्तार अधिकारी साहेब, ऑगस्टच्या यादीचा नमुना असला तर व्यनि (खाजगी निरोप) करा.

---

केंद्रातला_माणूस
नमुना नाहीये मॅडम. तुम्हीच करा, मग मी तालुक्याला फिरवतो.